पहाटे पाचची गोळी

रामलिंगअप्पांना दिवसाला अकरा गोळ्या होत्या आणि अकराच्या अकरा ते वेळेवर घेत. यात विशेष काय, असं कुणी म्हणेल. पण ज्यानं घरात औषध घेणारं म्हातारं माणूस सांभाळलंय, तो असं म्हणणार नाही. कुणी गोळी गादीखाली सारतं, कुणी कडू लागते म्हणून थुंकून टाकतं, कुणाला जरा बरं वाटलं की ते आपल्या मनानंच बंद करून मोकळं होतं. अप्पांचं तसं नव्हतं. चौतीस वर्षं ते रेल्वेत चावीवाले होते. पूर्णा स्टेशनच्या पुढची सहा किलोमीटरची बीट त्यांच्याकडे होती. खांद्यावर हातोडा टाकून रोज पायी चालायचं, रुळाला स्लीपरशी धरून ठेवणारी एकेक लोखंडी चावी बघायची आणि सैल दिसेल ती ठोकायची. एक चावी सुटली म्हणून गाडी पडत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण नेमकी कुठली सुटली तर पडेल हे कोण सांगणार? म्हणून एकही सोडायची नाही. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, वय शहात्तर झालं, आणि चाव्यांची जागा गोळ्यांनी घेतली.

रक्तदाबाच्या दोन, साखरेच्या दोन, रक्त पातळ ठेवायची एक, चरबीची एक, लघवीची एक, ॲसिडिटीची एक, झोपेची एक, कॅल्शियमची एक आणि ताकदीची एक. बारा वर्षांत चार डॉक्टरांनी मिळून त्या दिल्या होत्या. ज्यानं त्यानं आपली वाढवली, दुसऱ्याचीला हात लावला नाही. आणि खरं सांगायचं तर कुणी हात लावायला गेला असता तरी अप्पांनी लावू दिला नसता. त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांचे थोरले भाऊ महारुद्रअप्पा दवाखान्यात होते. एके दिवशी डॉक्टरांनी मुलांना बाजूला घेऊन सांगितलं, आता गोळ्या बंद करा, घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. घरी नेलं. आठव्या दिवशी महारुद्रअप्पा गेले. तेव्हापासून रामलिंगअप्पांच्या लेखी 'गोळी बंद' याचा अर्थ एकच होता.

आता त्यांच्या पूजेचं सांगायला हवं, कारण जे घडलं ते सगळं पूजेतच घडलं.

घर लिंगायत. अप्पांच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असायचं. पहाटे आंघोळ करायची, ते डबीतून काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा आणि त्याच्यावर नजर लावून जप करायचा. देवळात जायला नको, मध्ये कुणी नको. आपला देव आपल्या हातात. वयाच्या आठव्या वर्षापासून हे त्यांनी एक दिवसही चुकवलं नव्हतं. रात्रपाळी करून आले तरी नाही, घरात मयत असली तरी नाही. पूजा झाल्याशिवाय तोंडात अन्नाचा कण घालायचा नाही हा नेम. औषध मात्र चालतं, ते अन्न नव्हे, असं मठाच्या स्वामींनी केव्हाच सांगून ठेवलं होतं. साखरेच्या दोन गोळ्यांपैकी एक डॉक्टरांनी 'सकाळी जेवणाआधी' म्हणून लिहिली होती. अप्पांनी तिला पहाटे पाचची वेळ दिली, कारण ड्यूटीच्या दिवसांत त्यांचा दिवस पाचला सुरू व्हायचा. पाचला गोळी, सव्वापाचला आंघोळ, मग आठपर्यंत पूजा, मग थोडा वेळ पोथी, आणि नऊला भाकरी. गोळी ते जेवणाआधीच घेत होते. चार तास आधी घेत होते, एवढंच. आणि हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

कार्तिकातला सोमवार होता. पावणेआठ झाले असतील. लिंग तळहातावर होतं, बेल वाहून झाला होता, जप चालू होता. अप्पांना वाटलं, हात कापतोय. मग कपाळावर गार घाम आला, कानांत घूं घूं आवाज भरला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. किती वेळ, ते सांगता येणार नाही. भानावर आले तेव्हा तळहात रिकामा होता. लिंग पाटाच्या कडेला फरशीवर पडलं होतं.

त्यांनी ते उचललं, धुतलं, छातीशी धरलं आणि आवाज न करता रडले. बाहेरच्या माणसाला याचं काय एवढं, असं वाटेल. पण अप्पांचे वडील सांगायचे, की जुन्या काळी हातून लिंग गळालं तर माणसं अन्न सोडून द्यायची. अडुसष्ट वर्षांत जे कधी झालं नाही ते आज झालं. आपलं काहीतरी चुकलं, देवानं आपला हात सोडला, असंच त्यांनी धरलं. साखर, गोळी, रिकामं पोट, हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही.

सांगायचं तरी कुणाला? मुलगा मंगेश स्टेशन रोडला चष्म्याचं दुकान चालवायचा. पोरगा गुणाचा, पण काळजीपोटी बंदी घालणारा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यानं अप्पांची सायकल बंद केली. मग संध्याकाळी एकट्यानं स्टेशनपर्यंत फिरायला जाणं बंद केलं. गच्चीचा जिना बंद केला. आता लिंग पडल्याचं कळलं तर तो म्हणणार, 'अप्पा, एवढा वेळ मांडी घालून बसणं पुरे झालं. नुसता नमस्कार करत जा.' हातावरची पूजा गेली तर मग उरलं काय? मरणाची अप्पांना तेवढी भीती नव्हती, जेवढी याची होती. त्यांनी तोंडाला कुलूप लावलं.

आणि वर प्रायश्चित्त घेतलं. रोजच्या जपाला आणखी पाच माळा जोडल्या. पूजा आठाची साडेआठवर गेली, मग नऊवर. ऐकणाऱ्याला इथं अप्पांचा राग येईल, आणि यावाच. पहाटे पाचला साखर पाडणारी गोळी पोटात, आणि घास साडेनवाला! ज्यातून बाहेर पडायचं त्यातच हा माणूस अर्धा अर्धा तास करत जास्त खोल चालला होता, आणि तेही अगदी भक्तिभावानं.

सातव्या दिवशी ते पूजेवरून उठताना उंबऱ्यावर कोसळले. कपाळाला खोक पडली. बायको चन्नबसम्मा धावत आली, सून शिवरंजनीनं हळद दाबली, आणि मंगेशनं त्यांना मोटारसायकलवर आपल्या आणि शिवरंजनीच्या मध्ये बसवून दवाखान्यात नेलं.

दवाखाना जुनाच होता, पण डॉक्टर नवीन होत्या. आधीचे वयस्कर डॉक्टर थकले आणि मुलाकडे राहायला गेले. त्यांच्या जागी संघप्रिया नावाच्या तरुण डॉक्टरबाई सहा महिन्यांपासून बसत होत्या. मूळच्या जवळच्याच पालमकडच्या. हुशार, हाताला गुण असलेल्या, पण बाहेर चाळीस माणसं ताटकळलेली असली की बोलणं जरा तुटक व्हायचं. खोकेला दोन टाके घालून त्यांनी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या आणि अप्पांना विचारलं, “चक्कर येते का?”

“येते की,” मंगेश म्हणाला.

“तुला काय म्हाईत?” अप्पा त्याच्यावर खेकसले. “न्हाई येत बाई. फरशी वल्ली व्हती. पाय घसरला.”

“सकाळी घाम सुटतो? हात थरथरतात?”

अप्पांच्या डोळ्यांसमोर पाटाच्या कडेला पडलेलं लिंग आलं. “न्हाई,” ते म्हणाले. शहात्तर वर्षांच्या त्या माणसाला खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांचे कान लाल झाले होते. पण डॉक्टरबाई तेव्हा रक्ताचा रिपोर्ट बघत होत्या.

“तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा सहाच्याही खाली आलाय,” त्या म्हणाल्या. “हे बरोबर नाही. ही सकाळची गोळी आपण बंद करू. तुमच्या वयात आता साखर एवढी कडक ठेवायची गरज नाही.” आणि त्यांनी चिठ्ठीवर त्या गोळीच्या नावावर काट मारली.

बाई बोलल्या त्यात चूक शोधून सापडणार नाही. पण अप्पांनी ऐकलं ते एवढंच: तुमच्या वयात. आता. गरज नाही. आणि बंद. त्यांनी मंगेशच्या तोंडाकडे बघितलं. तो मान डोलावत होता. महारुद्रअप्पांच्या वेळीही मुलांनी अशाच माना डोलावल्या होत्या. अप्पांना खूप विचारायचं होतं, पण एक शब्द फुटेना. बाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी आल्यावर शिवरंजनीनं गोळ्यांच्या डब्यातून त्या गोळीचा पत्ता काढून फेकून दिला. पोरगी शाळेत शिक्षिका, शिस्तीची; एकदा ठरलं म्हणजे ठरलं. तिला काय ठाऊक, की रेल्वेतला माणूस कुठलीही वस्तू एक जादा ठेवतो. अप्पांच्या ट्रंकेत, जुन्या गणवेशाच्या घडीखाली, त्याच गोळीचा एक आख्खा, दहा गोळ्यांचा पत्ता होता. त्या रात्री तो त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात घातला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, कुणाच्या नजरेस न पडता, त्यांनी गोळी घेतली. डॉक्टरबाईंनी आपल्याला सोडलं, आपण आपल्याला सोडायचं नाही, अशी त्यांची समजूत. माळांचा नेम होताच. दोन जादा माळा त्यांनी त्या दिवसापासून आणखी वाढवल्या.

घरचे निर्धास्त झाले. मंगेश दुकानात गिऱ्हाइकांना सांगायला लागला, की नवीन बाई चांगल्या आहेत, गोळ्या कमी करतात. इकडे अप्पा दिवसेंदिवस उतरत चालले. साडेआठनंतर त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. जप म्हणताना मधलेच शब्द गळायचे. लिंग पुन्हा पडू नये म्हणून ते उजव्या हातानं डावं मनगट घट्ट धरून बसत. मनगटावर बोटांचे वळ उठले होते. सुनेनं विचारलं तेव्हा डास चावले म्हणून सांगितलं.

गोळी बंद झाल्याला, म्हणजे घरच्यांच्या हिशेबानं बंद झाल्याला, सहा दिवस झाले. मंगेश दुकानात, शिवरंजनी शाळेत. घरात दोघंच म्हातारी. नऊ वाजून गेले तरी पूजेच्या खोलीतून काही चाहूल येईना, तेव्हा चन्नबसम्मा दारात आली.

अप्पा पाटावर बसलेले होते. डाव्या हातात लिंग, उजव्यानं मनगट धरलेलं. अंगावरचा पंचा घामानं भिजून चिकटला होता. डोळे उघडे होते, पण समोरचं दिसत असेल असं वाटत नव्हतं.

“अहो,” तिनं हाक मारली. उत्तर नाही. ती जवळ गेली. “अहो, उठा. भाकर खाऊन घ्या.”

अप्पांनी मान हलवली. “पूजा... व्हायची हाय.” जीभ जड झाली होती.

चन्नबसम्मानं स्वयंपाकघरातून वाटी आणली. गुळाचं पाणी होतं. तिनं ती त्यांच्या ओठांना लावली. अप्पांनी दात आवळून तोंड फिरवलं. पाणी हनुवटीवरून छातीवर ओघळलं.

“मरायलाव व्हय हो?” ती ओरडली. “पाणी हाय नुसतं. घ्या!”

तोंड उघडेना. सगळं भान सुटत चाललं होतं, पण पूजेआधी घास नाही एवढं भान त्या माणसाला होतं. चन्नबसम्माला रडू फुटलं. शेजारी हाक मारावी तर तोवर इकडे काय होईल? जबरदस्तीनं तोंड उघडावं तर ताकद कुठली? वाटीतलं निम्मं पाणी सांडलं होतं.

तिनं वाटी खाली ठेवली. आपल्या गळ्यातली डबी उघडली. लिंगायतांत बाईच्याही गळ्यात तिचं स्वतःचं लिंग असतं, तिची पूजा तिची असते. तिनं आपलं लिंग तळहातावर घेऊन त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं.

“हिकडं बगा. बगा हिकडं! माझी पूजा झालीया. ह्यो माझा प्रसाद हाय. लिंगाचा प्रसाद. त्याला न्हाई म्हणताव का?”

अप्पांचे डोळे सावकाश वळले. लिंगाकडे बघितलं, मग तिच्याकडे. प्रसादाला कधी कुणी नाही म्हणत नाही. तो खायचा पदार्थ नसतोच. ओठ हलले. दात सुटले. एक घोट गेला, मग दुसरा. तिसऱ्याला ठसका लागला, म्हणून ती थांबली, पाठ चोळली, पुन्हा वाटी लावली. आतून आणखी गूळ आणला, बोटानं गालाच्या आत लावला. भिंतीवरचं घड्याळ बघवत नव्हतं. पंधरा मिनिटं गेली असतील, तेव्हा कुठं अप्पांनी तिला नावानं हाक मारली. मग घाबरून त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. लिंग जागेवर होतं. त्यांच्या हाताखाली तिनं आपला हात लावून धरला होता.

चन्नबसम्मानं त्यांना बंडी चढवली आणि रिक्षानं दवाखान्यात नेलं. मंगेश दुकान उघडं टाकून तिथं पोहोचला. डॉक्टरबाईंनी बोटाला सुई टोचून साखर बघितली आणि त्यांचा चेहरा बदलला. एवढा गूळ पोटात गेल्यावरही साखर अवघी अडुसष्ट होती.

“ती गोळी घेतली का?” त्यांनी विचारलं.

“न्हाई हो, ती तर तुमी बंद केली,” मंगेश म्हणाला. अप्पांनी हात बंडीच्या खिशावर दाबून धरला. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मंगेशकडे बघितलं, आणि पुन्हा विचारलं नाही. समोरच्या हॉटेलातून दूध आणि पोळी मागवली, ती अप्पांना आपल्यासमोर खायला लावली. “आज दुपारपर्यंत इथंच थांबायचं. साखर पुन्हा उतरू शकते. दर अर्ध्या तासानं बघीन.” मग बाहेरच्या लोकांना थोडं थांबायला सांगून त्या स्टूल ओढून अप्पांच्या खाटेशी बसल्या. मंगेश पायाशी उभा होता, चन्नबसम्मा भिंतीला टेकून.

“अप्पा, त्या दिवशी मी गोळी बंद करू म्हणाले आणि तुम्ही एकदम गप्प झालात,” बाई म्हणाल्या. “माझ्या ध्यानात आलं होतं, पण गर्दी होती म्हणून मी सोडून दिलं. तुम्ही काय ऐकलं त्या वेळी?”

डॉक्टर असं काही विचारतात हे अप्पांना नवीन होतं. ते चादरीची सुरकुती बोटानं सारखी करू लागले.

“तुमी म्हणलाव, या वयात गरज न्हाई.”

“आणि?”

“माझ्या थोरल्या भावाच्या बी गोळ्या बंद केल्या व्हत्या. आठ दिसांत गेला. म्हणलं, आपली बी खबर आली.”

“अप्पा!” मंगेश पुढे झाला. बाईंनी हातानं त्याला थांबवलं.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “मी गोळीबद्दल बोलत होते, तुम्ही ते स्वतःबद्दल ऐकलं. ते मला तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. हे बघा, तुमच्या भावाच्या गोळ्यांचा उपयोग व्हायचा थांबला होता, म्हणून बंद केल्या असतील. तुमचं उलटं हाय. तुमची गोळी लय जास्त काम करायलीय. साखर पार तळाला नेऊन ठेवायलीय. ती बंद करायची ते तुम्ही पुष्कळ दिवस जगावं म्हणून.” बोलता बोलता बाईंची पालमकडची बोली बाहेर आली होती. “आता मला आज पहाटेपासून सांगा. डोळे उघडले तिथपासून. काही सोडू नका.”

अप्पांनी सांगायला सुरुवात केली. पाचला उठलो. गोळी घेतली. मंगेशनं कपाळावर हात मारला; अप्पांनी तिकडे बघितलं नाही. सव्वापाचला आंघोळ. मग पूजेला बसलो. बाई मध्येमध्ये कागदावर वेळ टिपत होत्या.

“पूजा किती वाजेपर्यंत?”

“आट वाजता व्हायची. आता साडेनऊ व्हतेत.”

“कधीपासून वाढली?”

“पंधरा दिवस झाले आसतील.”

“कामून?”

अप्पा थांबले. त्यांनी मंगेशकडे बघितलं, दाराकडे बघितलं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा चालू होता. बाईंनी घाई केली नाही. बाहेर कुणीतरी दार वाजवलं तरी त्या उठल्या नाहीत.

“लिंग पडलं,” अप्पा म्हणाले. “हातातून पडलं माझ्या. हात कापला, अंधारी आली, आन् पडलं. म्हणून माळा वाढविल्या.”

बाई लिंगायत नव्हत्या. त्या शब्दांचं वजन त्यांना पुरतं कळलं असेल की नाही, कोण जाणे. पण समोरच्या म्हाताऱ्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्यांना दिसत होतं. त्यांनी कागद त्यांच्यापुढे धरला.

“पाचला गोळी. पोटात काही नाही. सहा, सात, पावणेआठ. ही गोळी एवढ्या वेळात साखर पाडतेच; वय वाढलं की आधी सोसायची तीच गोळी जास्त लागू पडते. अंगाला घाम, हाताला कंप, डोळ्यांपुढे अंधारी, हे साखर उतरल्याचं लक्षण हाय अप्पा. देवाचं मला बोलता येणार नाही, मला त्यातलं कळत नाही. पण तुमचा हात साखरेमुळं कापला, हे मी लिहून देते. आणि तुम्ही माळा वाढवल्या, म्हणजे उपाशी बसायचा वेळ वाढवला. गोळी तीच, पोट रिकामं.”

अप्पा कागदाकडे बघत राहिले. वेळा लिहिलेल्या होत्या, एकाखाली एक. त्यातली प्रत्येक वेळ त्यांनी स्वतः सांगितलेली होती.

“आधी कामून नाही सांगितलं? मी विचारलं होतं तुम्हाला.”

“पूजा बंद करा म्हणताल म्हणून,” अप्पा हळूच म्हणाले. “ह्यानं सायकल बंद केली, फिरणं बंद केलं. म्हणलं, आता ही बी जाती.”

मंगेशनं मान खाली घातली. पोरगा चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप, पण तोंड एवढंसं झालं.

“मी गोळी बंद करायलेय अप्पा,” बाई म्हणाल्या. “पूजा बंद करा असं कुणी म्हणलंय? रोज करा, आठपर्यंत करा. फक्त आता पाचला काही घ्यायचं नाही. साखरेची दुसरी गोळी भाकरीबरोबर घ्यायची.”

अप्पांनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला. पत्ता बाहेर काढला. त्यात तीन गोळ्या उरल्या होत्या. तो त्यांनी बाईंच्या हातावर ठेवला आणि विचारलं, “आन् बाकीच्या धा?”

“त्यातल्या काही लागतील, काही कदाचित नाही लागणार. पण घाई नाही. एका वेळी एकच बघू. तुम्हाला विचारल्याशिवाय मी एकही काढणार नाही, आणि मला विचारल्याशिवाय तुम्ही एकही घ्यायची नाही. जमेल?”

“जमल,” अप्पा म्हणाले.

दुपारी दीड वाजता बाईंनी त्यांना सोडलं. साखर एकशे चाळीसवर येऊन टिकली होती. पंधरा दिवसांनी पुन्हा यायचं होतं, आणि मध्ये घाम आला, हात कापला तर त्याच घटकेला. मंगेश मोटारसायकलवरून पुढे गेला. अप्पा आणि चन्नबसम्मा रिक्षात बसले. रेल्वे फाटक लागलेलं होतं, रिक्षा रांगेत उभी राहिली.

“एक सांग,” अप्पा म्हणाले. “तू रोज माझी पूजा झाल्यावर बसतीस. आज माझी व्हायची व्हती. मग तुझी आदी कशी झाली?”

चन्नबसम्मा बाहेर बघत होती.

“त्या सोमवारी पडल्याचा आवाज मी ऐकला व्हता,” ती म्हणाली. “गॅसपाशी व्हते. दारातून बगितलं, तर तुमी रडत व्हताव.”

अप्पा तिच्याकडे वळले.

“तवापास्नं रोज तुमी उठायच्या आदी, चारला उठून मी माझी पूजा उरकायलेय. गुळाचं पाणी करून, लिंगाला दाखवून ठेवायलेय. पूजा सोडा म्हणलं आसतं तर तुमी माझं ऐकलं नसतं. पर प्रसाद टाळणार न्हाई, येवढं ठाऊक व्हतं मला.”

“पंधरा दिवस?”

“पंधरा दिवस.”

“मग बोलली कामून न्हाईस?”

“तुमी झाकून ठिवलं व्हतं,” ती म्हणाली. “मी कसं उघडं करू?”

मालगाडी निघून गेली, फाटक उघडलं, रिक्षा हलली. अप्पा तिच्या गळ्यातल्या डबीकडे बघत राहिले. घर आलं तेव्हा रिक्षावाल्याला थांब म्हणायचंही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही, ते तिनंच सांगितलं.